किल्ली कुणाच्या खिशात? लॅपटॉपच्या फर्मवेअरला लागलेल्या कुलपाचा इतिहास



आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेला एका कंपनीकडून वापरून झालेले अकरा लॅपटॉप मिळाले. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि या लॅपटॉपचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हते, म्हणून कंपनीने ते काढून टाकले. यंत्रे धडधाकट होती. आमच्याकडे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले येतात, टायपिंग शिकणाऱ्या मुली येतात, स्कॉलरशिपचे फॉर्म भरायला पालक येतात. त्यांना ब्राउझर, मराठी टायपिंग आणि पीडीएफ एवढे पुरते. आम्ही ठरवले, लिनक्स टाकू. नऊ लॅपटॉपवर ते एका रविवारात बसले. दहाव्यावर फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये शिरून एक पर्याय बंद करावा लागला. अकरावा आजही कपाटात पडून आहे. त्याच्या फर्मवेअरला पासवर्ड आहे, पेनड्राइव्हवरून सुरू व्हायला तो तयार नाही, आणि तो पासवर्ड टाकणारा माणूस ती नोकरी सोडून गेला आहे.

आमच्यातला एक कार्यकर्ता वैतागून म्हणाला, "वस्तू आपल्याला दिली ना? मग ती अजून त्यांचंच का ऐकते?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या मागे चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा इतिहास आहे. आधी एक भेद स्पष्ट करू. आमच्या अकराव्या यंत्राचे कुलूप त्याच्या जुन्या मालकाने घातले होते. स्वतःच्या वस्तूला कुलूप घालण्याचा त्याला हक्क होता, फक्त वस्तू देताना किल्ली द्यायची तो विसरला. आमचा आक्षेप वेगळ्या कुलपाला आहे. जे यंत्र बनवणाराच घालतो, पैसे मोजून यंत्र घेणाऱ्याला ज्याची किल्ली मिळत नाही, आणि बहुतेकांना जे आहे हेही कळत नाही, त्या कुलपाबद्दल आम्ही बोलत आहोत.

फर्मवेअर म्हणजे काय? तुम्ही बटण दाबता त्या क्षणी विंडोज किंवा लिनक्स जागे झालेले नसते. मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम सर्वांत आधी चालतो. मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते तो तपासतो आणि मग डिस्कवरच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती कारभार देतो. घराच्या दारावर बसलेला पहारेकरीच म्हणा ना. घरात कोण राहणार हे शेवटी त्याच्या हातात असते, कारण त्याच्या आधी कोणी आत शिरतच नाही.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा या पहारेकऱ्याचे नाव होते बायोस. आयबीएमने यंत्राचे बहुतेक सुटे भाग बाजारातूनच घेतले होते. बायोस मात्र तिचे स्वतःचे होते. गंमत अशी की तिने बायोसचा सगळा कोड आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापला. वाचा हवा तेवढा, पण नक्कल केलीत तर कॉपीराइटचा खटला. म्हणजे या यंत्राचे पहिले कुलूप कायद्याचे होते.

ते उघडले कसे, हे वाचण्यासारखे आहे. १९८२ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स सोडून बाहेर पडलेल्या तिघांनी कॉम्पॅक ही कंपनी काढली. त्यांनी माणसांचे दोन गट केले. पहिल्या गटाने आयबीएमचे बायोस अभ्यासून ते काय काम करते एवढेच लिहून काढले. दुसऱ्या गटाने आयबीएमचा कोड कधी डोळ्यांनीही पाहिला नव्हता. त्याने त्या वर्णनावरून स्वतःचे बायोस नव्याने लिहिले. नक्कल नाही, त्यामुळे खटलाही नाही. १९८३ मध्ये कॉम्पॅकचे यंत्र विक्रीला आले. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने तसेच बायोस तयार करून कोणालाही विकायला सुरुवात केली आणि आयबीएमची मक्तेदारी मोडली. आज लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जोडून कॉम्प्युटर मिळतो, त्याची मुळे त्या दोन खोल्यांत आहेत.

या जुन्या बायोसचा स्वभाव लक्षात ठेवा, पुढचा सगळा इतिहास त्याच्या उलट दिशेने गेला आहे. बायोस डिस्कवरची पहिली ५१२ बाइटची जागा वाचायचे, तिच्या शेवटी ठरावीक खूण आहे का एवढे पाहायचे, आणि कारभार सोपवून मोकळे व्हायचे. तू कोण, कोणी पाठवले, कोणाची सही आणलीस, असले प्रश्न त्याला विचारताच येत नव्हते. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने घरच्या पीसीवर स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतली, तेव्हा त्याला कोणाकडे अर्ज करावा लागला नाही. त्याच्या यंत्राने ती मुकाट्याने चालवली. आज जगातले बहुसंख्य सर्व्हर ज्या लिनक्सवर चालतात, ते लिनक्स या न विचारणाऱ्या पहारेकऱ्यामुळे जन्माला येऊ शकले.

मग त्या काळी सगळे मोकळे होते का? अजिबात नाही. दार उघडे होते, पण रस्त्यावर नाका बसवलेला होता. मायक्रोसॉफ्टचे यंत्र बनवणाऱ्यांशी 'प्रति प्रोसेसर' करार असत. कंपनी जितकी यंत्रे विकेल तितक्यांचे पैसे मायक्रोसॉफ्टला द्यायचे, मग त्या यंत्रावर तिची सिस्टीम असो की दुसऱ्या कोणाची. दुसऱ्याची टाकली तर दोघांचे पैसे भरा! जुलै १९९४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याशी झालेल्या तडजोडीत हे करार बंद करावे लागले.

तरी नाका उठला नाही, जागा बदलून बसला. १९९० च्या दशकाच्या शेवटी ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांच्या 'बी' कंपनीने बी-ओएस नावाची सिस्टीम आणली. जपानच्या हिताचीने आपल्या फ्लोरा प्रायस यंत्रांवर विंडोजसोबत ती टाकून दिली. पण यंत्र सुरू होताना 'यापैकी कोणती हवी?' असे विचारणारा पडदाच दाखवला नाही. म्हणजे सिस्टीम ग्राहकाच्या डिस्कवर पडून होती आणि ग्राहकाला तिचा पत्ता नव्हता. बी कंपनीचे म्हणणे असे की मायक्रोसॉफ्टच्या परवाना करारानेच तो पडदा दाखवायला मनाई केली होती. २००१ मध्ये बी कंपनी विकली गेली. २००२ मध्ये तिने दावा लावला, आणि २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने चूक कबूल न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटवला. पैसे मिळाले तेव्हा बी-ओएस बाजारातून गेलेली होती. न्याय उशिरा मिळाला की तो कोणाच्या उपयोगाचा उरतो, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

करार कोर्टात सापडतो. तो कागदावर असतो, साक्षीदार असतात. त्यापेक्षा तीच अट चिपमध्ये लिहिली तर? २००० च्या दशकातले कुलूप याच दिशेने गेले, असे आमचे मत आहे. कोणा एका माणसाने बसून कट रचला असे आम्ही म्हणत नाही, आणि तसे म्हणायची गरजही नाही. ज्याच्या हाती बाजार आहे त्याच्या सोयीची रचना कट न करताही उभी राहते.

सुरुवात लहान गोष्टींनी झाली. आयबीएमच्या आणि पुढे लेनोवोच्या थिंकपॅडमध्ये तुम्ही बाहेरचे वायरलेस कार्ड बसवले तर यंत्र सुरू होतानाच अडायचे आणि पडद्यावर १८०२ क्रमांकाचा संदेश यायचा की अनधिकृत नेटवर्क कार्ड लावले आहे, ते काढा. फर्मवेअरमध्ये परवानगी असलेल्या कार्डांची यादी होती आणि यादीबाहेरच्याला प्रवेश नव्हता. कार्डात दोष नसायचा. रेडिओ लहरींच्या नियमांचे कारण पुढे केले जाई. पण यंत्र तुमचे आणि यादी त्यांची, ही सवय इथे लागली.

मग पहारेकरीच बदलला. इंटेलने १९९० च्या दशकात आपल्या इटेनियम प्रोसेसरसाठी बायोसऐवजी नवे फर्मवेअर आखले होते. २००५ पासून अनेक कंपन्यांच्या मंचाने ते यूईएफआय या नावाने पुढे नेले. जुने बायोस खरोखरच थकले होते, नव्याची गरज होती. या यूईएफआयच्या २०११ च्या आवृत्तीत 'सिक्युअर बूट' आले.

त्याची रचना समजून घ्या, अवघड नाही. फर्मवेअरमध्ये किल्ल्यांची एक यादी असते. ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करणाऱ्या प्रोग्रामवर त्या यादीतल्या कोणाची तरी डिजिटल सही असेल तरच फर्मवेअर तो चालवते. दुसरी एक काळी यादी असते, तिच्यातल्यांना बंदी. आणि या दोन्ही याद्या कोणी बदलायच्या हे ठरवणारी एक सर्वांत वरची किल्ली असते, ती यंत्र बनवणाऱ्याची. तुम्ही यंत्राचे मालक, पण या उतरंडीत तुमची पायरी कोणती? तुम्हाला स्वतःची किल्ली त्या यादीत घालता आली तर तुम्ही मालक. नाही तर तुम्ही भाडेकरू.

१३ सप्टेंबर २०११ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ लोकांसमोर मांडले. ज्या यंत्रावर विंडोज ८ चे बोधचिन्ह लावायचे, त्यात सिक्युअर बूट चालू असलेच पाहिजे अशी अट पुढे आली. २० सप्टेंबरला रेड हॅटमध्ये काम करणाऱ्या मॅथ्यू गॅरेट या अभियंत्याने ही अट वाचून जाहीरपणे लिहिले की, यंत्रात फक्त मायक्रोसॉफ्ट आणि उत्पादक यांच्याच किल्ल्या असतील आणि कुलूप काढायची सोय नसेल, तर अशा यंत्रावर साधे लिनक्स चालणार नाही. मायक्रोसॉफ्टचे उत्तर दोन दिवसांत आले. आशय असा की आम्ही कोणाला अडवत नाही, कुलूप काढायची सोय ठेवायची की नाही हे उत्पादक ठरवतील. उत्तर वाचायला सभ्य आहे. पण ज्या उत्पादकाचा सगळा धंदा विंडोजवर उभा आहे, तो ही सोय द्यायला पदरचा खर्च का करील, याबद्दल त्यात काही नव्हते.

ओरड झाली. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सह्यांची मोहीम काढली आणि या प्रकाराला 'रिस्ट्रिक्टेड बूट' असे नाव दिले. रेड हॅट आणि उबुंटूवाली कॅनॉनिकल या एरवीच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी ऑक्टोबर २०११ मध्ये एकत्र निवेदन काढले. डिसेंबर २०११ च्या मायक्रोसॉफ्टच्या नियमांत दोन वाक्ये आली. इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या यंत्रात मालकाला सिक्युअर बूट बंद करता आले पाहिजे आणि स्वतःच्या किल्ल्या घालता आल्या पाहिजेत. आणि एआरएम प्रोसेसरच्या यंत्रात ते बंद करता येताच कामा नये.

एकाच कंपनीचे, एकाच कागदावरचे हे दोन न्याय नीट पाहा. सुरक्षेसाठी कुलूप न काढता येणे आवश्यक असेल, तर इंटेलच्या यंत्रांना सूट का? आणि ते आवश्यक नसेल, तर एआरएमवर सक्ती का? आमच्या समजुतीप्रमाणे उत्तर बाजारात आहे. पीसीच्या बाजारात मायक्रोसॉफ्ट मक्तेदार होती आणि स्पर्धा आयोगांच्या नजरेत होती. एआरएमच्या टॅबलेटमध्ये ती नवखी होती, तिथे विचारणारे कोणी नव्हते.

त्या एआरएम यंत्रांचे पुढे काय झाले? ऑक्टोबर २०१२ मध्ये सरफेस आरटी आला. खपला नाही. जुलै २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यापोटी सुमारे ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवला. विंडोज आरटीचा आधार जानेवारी २०२३ मध्ये संपला. ज्यांनी ते टॅबलेट घेतले त्यांच्या हाती चांगला पडदा, चांगला कीबोर्ड, चालू बॅटरी राहिली, आणि उत्पादकाच्या लेखी दुसरी सिस्टीम टाकायचा कोणताही रस्ता राहिला नाही. यंत्र मेले नव्हते. त्याचे आयुष्य दुसऱ्याने ठरवले होते.

आता लिनक्सवाल्यांनी काय केले ते पाहू, कारण इथे आमच्याच विचारांच्या लोकांत मतभेद आहेत. मे २०१२ मध्ये गॅरेट यांनी जाहीर केले की फेडोरा आपल्या पहिल्या छोट्या प्रोग्रामवर मायक्रोसॉफ्टचीच सही घेणार. त्यासाठी एकदाच ९९ डॉलर भरायचे. 'शिम' नावाचा हा प्रोग्राम दारावर मायक्रोसॉफ्टची चिठ्ठी दाखवतो, आणि आत गेल्यावर फेडोराच्या स्वतःच्या किल्लीने बाकीचे तपासतो. सुसे या दुसऱ्या गटाने त्यात मोठी भर घातली. यंत्रासमोर प्रत्यक्ष बसलेल्या मालकाला स्वतःची किल्ली नोंदवता येईल अशी सोय केली. आजही उबुंटू, फेडोरा याच मार्गाने चालतात.

शत्रूच्या दारात चिठ्ठी मागायला गेले, अशी टीका तेव्हा झाली. लिनक्स फाउंडेशनसाठी सही मिळवायला गेलेल्या जेम्स बॉटमली यांनी आपला अनुभव लिहून ठेवला आहे. फाईल पाठवण्याची व्यवस्था मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइटवर चालत होती, त्यामुळे लिनक्सची फाईल सहीसाठी द्यायला त्यांना विंडोज सुरू करावे लागले. अर्ज करायला आधी त्यांच्याच ओसरीवर जाऊन बसा! फेब्रुवारी २०१३ मध्ये ती सही हाती पडली.

आम्ही मात्र शिमवाल्यांना दोष देणार नाही. त्यांनी सामान्य माणसाचा विचार केला. फर्मवेअरच्या इंग्रजी सेटिंगमध्ये शिरून कुलूप काढा, असे विद्यार्थ्याला सांगणे सोपे आणि त्याने ते करणे अवघड. पेनड्राइव्ह लावला आणि चालू झाले, हे त्याच्या कामाचे. पण किंमत कोणती मोजली याचे भान हवे. मार्च २०१३ मध्ये स्पेनच्या हिस्पालिनक्स या संघटनेने युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. या संघटनेचे सुमारे आठ हजार सदस्य होते. स्पर्धकाला चालण्यासाठी मक्तेदाराची सही लागावी, ही व्यवस्थाच स्पर्धेच्या विरोधात आहे, असे तिचे म्हणणे होते. तांत्रिकदृष्ट्या लिनक्स चालत होते. पण ते हक्काने चालत होते की मेहरबानीने?

मेहरबानी कशी निसटते त्याचा पुरावा चार वर्षांत मिळाला. मार्च २०१५ मध्ये विंडोज १० च्या अटी समोर आल्या. सिक्युअर बूट चालू असणे सक्तीचेच राहिले. पण मालकाला ते बंद करता आले पाहिजे, ही सक्ती काढून टाकली. ठेवायची तर उत्पादकाने ठेवावी, नाही तर नाही. ओरडीनंतर आलेले ते एक वाक्य गेले, आणि कोणाला विचारले गेले नाही, कारण ते कोणत्याही कायद्यात नव्हते. एका कंपनीच्या बोधचिन्हाच्या अटीत होते. बहुतेक उत्पादकांनी बटण ठेवले आहे हे खरे. आमच्या दहाव्या लॅपटॉपवरही ते होते म्हणून तो सुरू झाला. पण ते काढले तर तुम्ही कोणत्या कलमावर बोट ठेवणार?

अडवणुकीचे काही प्रकार तर हास्यास्पद आहेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये गॅरेट यांनी लेनोवोच्या थिंकसेंटर एम९२पी या डेस्कटॉपचे फर्मवेअर तपासले. त्यावर फेडोरा सुरू होत नव्हते. कारण काय निघाले? फर्मवेअर सहीही पाहत नव्हते, फक्त नाव वाचत होते. 'विंडोज बूट मॅनेजर' किंवा 'रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स' अशी पाटी असेल तरच आत. फेडोराने आपले नाव बदलून सांगितले असते तर तेच फेडोरा आत गेले असते. आडनाव विचारून खोली भाड्याने देणारे मालक आम्हाला ठाऊक आहेत, पण यंत्राला ही विद्या कोणी शिकवली असेल, याचे हसू येते आणि येतही नाही.

सप्टेंबर २०१६ मधले लेनोवोच्याच योगा ९०० चे प्रकरण जास्त शिकवणारे आहे. या लॅपटॉपवर लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नव्हती. सिक्युअर बूटचा इथे संबंध नव्हता. डिस्क ज्या नियंत्रकामार्फत चालते त्याला इंटेलच्या रेड पद्धतीवर ठेवले होते, साध्या पद्धतीवर आणण्याचा पर्याय फर्मवेअरमधून लपवला होता, आणि त्या पद्धतीसाठी लिनक्सचा ड्रायव्हर नव्हता. एका ग्राहकाला कंपनीचा म्हणून दिलेल्या उत्तरात असे आले की मायक्रोसॉफ्टशी असलेल्या करारामुळे यंत्र कुलूपबंद आहे. जगभर गदारोळ झाला. लेनोवोने जाहीर खुलासा केला की आम्ही मुद्दाम लिनक्स अडवत नाही. गॅरेट, ज्यांना कोणी मायक्रोसॉफ्टचा वकील म्हणणार नाही, त्यांनीही करारापेक्षा इंटेलच्या त्या पद्धतीला दोष दिला. दरम्यान काही जणांनी चिपला बाहेरून वायर जोडून फर्मवेअर बदलले आणि दाखवून दिले की लपवलेला पर्याय उघडला की लिनक्स सरळ बसते. ऑक्टोबरमध्ये लेनोवोनेच तो पर्याय देणारे नवे फर्मवेअर काढले.

आमच्या काही मित्रांना यात कारस्थानच दिसते. आम्हाला पुराव्यावरून तसे वाटत नाही, आणि पुरावा नसताना आरोप करायची सवय चळवळीला परवडत नाही. वाईट हेतू नव्हता असे धरले तरी परिणाम काय? एका कंपनीने एक ओळ लपवली आणि मालकाला स्वतःची डिस्क दिसेनाशी झाली. ज्या रचनेत हेतू चांगला असूनही एवढे घडू शकते, त्या रचनेला प्रश्न विचारायला हवा.

आता सुरक्षेच्या युक्तिवादाकडे येऊ, कारण तो खोटा नाही. सिस्टीमच्याही आधी शिरणारे व्हायरस खरेच असतात. २०१८ मध्ये ईसेट कंपनीच्या संशोधकांनी लोजॅक्स उघड केला, तो फर्मवेअरच्या चिपमध्येच घर करून राहत होता. डिस्क बदलली तरी जात नव्हता. २०२३ मध्ये ब्लॅकलोटस सापडला. पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांच्या यंत्रांत काय काय घुसवले जाऊ शकते हे आपल्या देशात लोकांनी वाचले आहे, तेव्हा बूट होताना तपासणी नकोच असे म्हणणारे आम्ही नाही. आमच्या अभ्यासिकेतल्या यंत्रांवर जमले तिथे आम्ही सिक्युअर बूट चालूच ठेवले आहे.

पण ज्यांच्या हाती किल्ल्या दिल्या त्यांनी त्या कशा सांभाळल्या? ऑगस्ट २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवले की मायक्रोसॉफ्टने चाचणीसाठी केलेली, सही असलेली एक फाईल बाहेर फुटली आहे आणि तिने न निघणारे कुलूपही निघते. २०२३ मध्ये एमएसआय कंपनीवर हल्ला झाला आणि तिच्या खासगी किल्ल्या बाहेर आल्या. त्यात इंटेलच्या 'बूट गार्ड' या व्यवस्थेच्या किल्ल्याही होत्या. बूट गार्ड २०१३ पासून आहे. उत्पादकाच्या किल्लीची खूण चिपमध्ये कायमची जाळून टाकली जाते, म्हणजे फर्मवेअरच बदलून कोअरबूटसारखे मुक्त फर्मवेअर बसवायचा रस्ता बंद. तीच किल्ली फुटली तर? जाळलेली खूण पुसता येत नाही. मालकाला किल्ली मिळत नाही, चोराला मिळते! जुलै २०२४ मध्ये बायनर्ली या संस्थेने तर कळस दाखवला. शेकडो मॉडेलमध्ये सर्वांत वरची किल्ली म्हणून चाचणीची किल्ली तशीच राहून गेली होती आणि तिच्या नावातच इंग्रजीत 'विश्वास ठेवू नका' असे लिहिलेले होते. यात नामांकित कंपन्यांची यंत्रे होती. लिनक्स टाकणाऱ्या विद्यार्थ्यावर विश्वास नाही आणि हिच्यावर वर्षानुवर्षे विश्वास!

२०२२ मध्ये आणखी एक पाऊल पडले. मायक्रोसॉफ्टने 'सिक्युअर्ड कोअर' म्हणून मान्यता दिलेल्या लॅपटॉपवर, लिनक्सच्या शिमवर जी सही असते ती किल्ली मुळातच बंद ठेवायची, असा नियम झाला. गॅरेट यांनी लेनोवोच्या थिंकपॅड झेड१३ वर ते दाखवले. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करता येते. पण दहा वर्षांपूर्वी याच किल्लीच्या भरवशावर लिनक्सवाल्यांनी तडजोड केली होती की सामान्य माणसाला सेटिंगमध्ये शिरावे लागू नये. ती तडजोड एका बाजूने मोडली. शिवाय २०११ सालच्या त्या किल्लीची मुदत जून २०२६ ची. जुनी यंत्रे त्या दिवशी बंद पडत नाहीत, पण नवे शिम २०२३ च्या किल्लीने सही होतात, आणि ज्या जुन्या लॅपटॉपला उत्पादक नवे फर्मवेअर देणार नाही त्यांच्या यादीत ही नवी किल्ली आपोआप येईलच असे नाही. असे जुने लॅपटॉप कोणाच्या हातात असतात? आमच्या.

भारतात सरकार हे लॅपटॉपचे मोठे गिऱ्हाईक आहे. तामिळनाडूने २०११ पासून विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप दिले. उत्तर प्रदेशात २०१३ मध्ये वाटलेले लॅपटॉप सुरू करताच मुख्यमंत्र्यांचे आणि त्यांच्या वडिलांचे फोटो दिसत, म्हणजे देणाऱ्याची सही इथे वेगळ्याच प्रकारे आली. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. सी-डॅकने बॉस नावाचे लिनक्स केले, त्यात मराठी आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण काढले. धोरण सॉफ्टवेअरबद्दल बोलते. पण ते ज्या यंत्रावर बसणार त्याचा पहारेकरी त्याला आत घेईल का, हा प्रश्न खरेदीच्या टेंडरमध्येच सोडवावा लागतो.

म्हणून ज्या कार्यकर्त्यांच्या वस्तीत आमदार निधीतून, नगरपालिकेकडून किंवा कंपनीच्या सामाजिक निधीतून लॅपटॉप येणार आहेत, त्यांना आमचे सांगणे आहे. यंत्रे येण्याआधी अर्ज द्या. फर्मवेअरचा पासवर्ड काढून किंवा लेखी स्वरूपात संस्थेकडे द्यावा. सिक्युअर बूटमध्ये मालकाला स्वतःची किल्ली घालता यावी किंवा ते बंद करता यावे. पेनड्राइव्हवरून सुरू होण्याची परवानगी चालू असावी. आणि फर्मवेअरचे अपडेट उत्पादक किती वर्षे देणार ते टेंडरमध्ये लिहिलेले असावे. जुनी यंत्रे देणगीत येत असतील तर ती टेम्पोतून उतरवण्याआधी प्रत्येक यंत्र चालू करून सेटिंगमध्ये शिरता येते का ते पाहा. आम्ही ते केले नाही. आभाराचे भाषण करून, फोटो काढून, चहा देऊन पाहुण्यांना निरोप दिला आणि मग बटण दाबले.

अकराव्या लॅपटॉपसाठी कंपनीला पत्र दिले आहे. जुन्या खरेदीची पावती दाखवली तर उत्पादक पासवर्ड काढून देऊ शकतो असे आम्हाला सांगण्यात आले, पण पावती कंपनीच्या नावावर आहे. तेव्हा दुसरे पत्र पावतीच्या प्रतीसाठी जाईल.